इंजिन का तापलं, ते आधी विचारा
(पालम येथील शेतकरी मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर)



मी शेतकीचा पदवीधर. कापसावर बोलेन, सोयाबीनवर बोलेन, असं तुम्हाला वाटलं असेल. आज मी इंजिनावर बोलणार आहे. ट्रॅक्टर असो, जीप असो, नाहीतर घरची चारचाकी असो. तापलेल्या इंजिनापायी आपल्या भागात जेवढा पैसा गॅरेजात जातो, त्यातला बराचसा वाचू शकतो. त्याला शिक्षण लागत नाही. हात, डोळे आणि थोडा धीर लागतो.

माझ्या घरचंच सांगतो. आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं पाणी उकळायला लागलं. मिस्त्री म्हणाला, हेड गॅसकिट गेलं. बदललं. आठ दिवसांत पुन्हा उकळी. मग हेड लेथवर नेऊन घासून आणलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सगळं इंजिनकाम काढलं आणि त्यासाठी दावणीची बैलजोडी विकली. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली, तीही वाफसा निघून गेल्यावर. शेवटी रेडिएटर उतरवून पाहिला, तर निम्म्या नळ्या क्षारानं बुजलेल्या. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं आम्हीच त्यात ओतलं होतं. गॅसकिट गेलं होतं हे खरं, पण ते तापून गेलं होतं. तापण्याचं कारण रेडिएटरात बसलं होतं. मी मिस्त्रीला एकदाही विचारलं नाही की बाबा, गॅसकिट गेलं, पण का गेलं? पान पिवळं दिसलं की नत्र कमी, लोह कमी की मुळाशी पाणी साचलंय, हे तपासल्याशिवाय खत टाकू नका, असं मी गावोगाव सांगत फिरत होतो. घरच्या इंजिनाला मात्र तपासल्याशिवाय बैलजोडी टाकली.

आता हे काम कसं चालतं ते पाहू. विहिरीवरचं जुनं तेलाचं इंजिन आठवा. पंपाच्या पाण्यातली थोडी धार बारीक नळीनं इंजिनातून फिरून बाहेर पडायची. म्हातारी माणसं त्या धारेखाली हात धरायची. पाणी कोमट, म्हणजे इंजिन ठीक. चटका बसला, म्हणजे कुठंतरी अडलंय. ट्रॅक्टरात आणि जीपमध्ये हेच आहे, फक्त तेच ते पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा ढोबळ मानानं तिसरा हिस्सा कामाला लागतो, तिसरा धुराबरोबर जातो आणि उरलेला बहुतेक पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप पाणी फिरवतो, रेडिएटरात ते पातळ नळ्यांतून उतरतं, पंखा हवा ओढतो. मधे थर्मोस्टॅट नावाचा दरवाजा असतो. त्यात मेण असतं. पाणी साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापलं की मेण फुगतं आणि दरवाजा उघडतो. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरची हवाच ४४-४५ अंशांची असते. अशा हवेनं पाणी थंड करायचं, म्हणजे एकही कडी ढिली चालत नाही.

पहिली गोष्ट जिवाची. मायबहिणींनो, शिट्टी गेल्याशिवाय कुकर कोणी उघडत नाही. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचंच झाकण. दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. एक बार दाबाचं झाकण असेल तर उकळी १२० अंशांच्या आसपास जाते. गरम असताना झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी वाफेसह एकदम तोंडावर येतं. वरचा होस पाइप हाताला थंड लागेपर्यंत झाकणाला हात लावू नका. आणि कोरड्या तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो.

आता तपासणी. स्वस्तातून महागाकडं जायचं.

इंजिन थंड असताना पाण्याची पातळी पाहा. कमी असेल तर ते गेलं कुठं? होसचे जोड, रेडिएटरची तळबाजू, वॉटर पंपाखालचं बारीक भोक पाहा. त्या भोकातून ठिबकत असेल तर पंपाचं सील गेलं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर आधी झाकण बदला, आणि त्यावर छापलेल्या आकड्याचंच आणा. सगळ्यात स्वस्त सामान तेच.

मग पट्टा. इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधे अंगठ्यानं दाबा. बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त दबला तर तो घसरतोय. पंखा आणि पंप दोन्ही त्याच पट्ट्यावर असले, तर एका ढिल्या पट्ट्यानं दोघंही लंगडे होतात.

मग रेडिएटरची जाळी. मळणीयंत्रावर ट्रॅक्टर लावला की भुसा, कापसाचा तंतू, धूळ सगळं तिथं बसतं. समोरून स्वच्छ दिसते, आतून गच्च असते. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, हलक्या जोरानं हवा किंवा पाणी मारा. जोराचा फवारा पत्र्या वाकवतो.

एवढं करूनही तापलं तर हातानं चाचपा. पंखा चालू असेल तर हात लांब ठेवा. इंजिन बंद करून पाहा. इंजिन तापलंय आणि वरचा पाइप गार आहे, तर थर्मोस्टॅट उघडलाच नाही. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोरीनं टांगा आणि पाणी तापवा. उकळी आली तरी उघडला नाही तर बाद. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवायची पद्धत आपल्याकडं आहे, ती सोडा. इंजिन गार राहून डिझेल जास्त पितं आणि झिजतं. रेडिएटरवर काही पट्टे गरम आणि काही गार लागले, तर गार जागच्या नळ्या बुजल्या. आमच्या घरी हे दोन मिनिटांत कळलं असतं.

गाडी केव्हा तापते, तेही सांगतं. गंगाखेडच्या रस्त्यानं पळताना ठीक आणि बाजारात उभी राहिली की गरम, तर पंख्याकडं पाहा. उभी असताना ठीक आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना गरम, तर रेडिएटर किंवा पंप. पाणी बाहेर कुठं गळत नाही, तरी रोज कमी होतं. ऑइल दुधाळ झालंय. थंड इंजिन झाकण उघडून चालू केलं तर पाण्यात सतत बुडबुडे येतात, तेव्हा गॅसकिटचा संशय घ्या. आणि मिस्त्रीला दोन प्रश्न विचारा : कशावरून? आणि ते गेलं कशानं?

रस्त्यात काटा वर चढला तर भार काढा, एसी बंद करा. पाणी असेल आणि पट्टा शाबूत असेल तर दोन मिनिटं हळू चालू ठेवा, म्हणजे पाणी फिरून उष्णता निघते. पट्टा तुटला किंवा पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. वाफ दिसतेय आणि काटा खाली आलाय, म्हणून खूश होऊ नका. काट्याच्या टोकाशी पाणीच उरलं नसेल तर तो खोटं बोलतो.

शेवटचं पाण्याचं. पुस्तकात सांगितलेलं कुलंट आणि क्षार काढलेलं पाणी वापरा. गंज आणि क्षार, दोन्ही थांबतात. पण काढलेलं कुलंट हौदाजवळ किंवा बांधावर ओतू नका. त्यातलं ग्लायकॉल गोड लागतं आणि ते जहर आहे. जनावर चाटलं तर मूत्रपिंडं निकामी होऊन मरतं. मशीन वाचवायला गेलो आणि गोठा रिकामा केला, असं होऊ नये.

आपण खताचा भाव विचारतो, कापसाचा भाव विचारतो. आपल्याच पैशानं चाललेल्या दुरुस्तीचं कारण मात्र विचारत नाही. मिस्त्रीपुढं अडाणी ठरू अशी लाज वाटते. मला ती लाज बैलजोडीला पडली. तुम्ही फुकटात शिका. उद्या सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडा, पातळी पाहा, पट्टा दाबा, जाळीमागं हात फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि घरातल्या पोरांनाच नाही, पोरींनाही शेजारी उभं करा. पुढचा ट्रॅक्टर कदाचित तीच चालवणार आहे.