तंजावरचा पाळक आणि ब्राह्मणबाईचे देऊळ



वसंतातल्या व्याख्यानाला इतिहास चालतो, संतवाङ्मय चालते. पण ल्यूथरपंथी ख्रिस्ती मंडळींतील पाळकाचे काम हा विषय पालीच्या श्रोत्यांना परका वाटण्याचा संभव आहे. तो तितका परका नाही, कारण त्याचा एक धागा तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारातून जातो आणि दुसरा एका मराठी विधवेच्या हातात आहे.

आधी शब्द पाहू. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात आणि त्याच्या हाती सोपवलेल्या समाजाला ‘मंडळी’. पाळक म्हणजे मेंढरे राखणारा. आपल्या भागात हे काही समजावून सांगायला नको. मेंढ्या रानात बसवणारा धनगर आपण पाहतो. पाऊस लागला तरी तो कळप सोडून घरी जात नाही. मात्र माणसांच्या कळपाचे एक निराळे आहे. धनगराला कळपापासून दूर जाऊन चालत नाही. माणसांच्या पाळकाला दूर जावेच लागते. तो गेल्यावर मागे काय उरते, यावर त्याची परीक्षा होते.

मार्टिन ल्यूथरने हे ओळखले होते. १५२९ साली त्याने प्रश्नोत्तरांचे एक छोटे पुस्तक लिहिले आणि ते घरातल्या कर्त्या माणसाने घरच्यांना कसे शिकवावे, अशा बेताने रचले. श्रद्धा देवळात सुरू झाली तरी ती वाढते चुलीजवळ, हा त्यातला हिशेब. हीच परंपरा घेऊन झिगेनबाल्ग हा जर्मन पाद्री १७०६ साली तरंगंबाडीला उतरला. ते बंदर डेन लोकांकडे होते, भोवतीचा मुलूख तंजावरच्या मराठ्यांचा. १७३३ साली तरंगंबाडीलाच आरोन नावाच्या तमिळ गृहस्थाला पाळकाची दीक्षा मिळाली. परदेशी पाद्र्यांना हे सुचायला सत्तावीस वर्षे लागली. मला हा काळ लांब वाटतो. पण त्या काळच्या युरोपियनांचा ताठा पाहता सुचले हेच नवल म्हटले पाहिजे.

याच परंपरेतला ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्स १७५० साली आला, तिरुचिरापल्लीला राहिला आणि १७७८ पासून तंजावरचा झाला. पगार इंग्रज संस्थेचा, दीक्षा ल्यूथरपंथाची. लग्न केले नाही. त्याची एकच गोष्ट सांगतो. हैदर अलीच्या स्वारीत तंजावरच्या किल्ल्यात माणसे भुकेने मरू लागली. खेड्यांत धान्य होते, पण ते आणायला बैल मिळेनात. शेतकऱ्यांना पूर्वी पैसे बुडाल्याचा अनुभव होता. राजाचा शब्द ते मानीनात आणि कंपनीचाही मानीनात. शेवटी राजा तुळजाजीच्या सांगण्यावरून श्वार्त्सने निरोप धाडला, की प्रत्येकाचे पैसे मी माझ्या हाताने देईन. एकदोन दिवसांत हजारावर बैल आले. त्याचे उपदेशक जीव धोक्यात घालून गावोगाव गेले आणि ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे तिकडचे मापाचे नाव. वेळ निभावल्यावर श्वार्त्सने लोकांचे पैसे चुकते केले आणि वर थोडी बक्षिशी देऊन त्यांना घरी धाडले.

हे शेतकरी काही त्याच्या मंडळीतले नव्हते. आपल्या भाषेत ‘विश्वास’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, देवावरचा आणि माणसावरचा. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या आपल्याला हेही ठाऊक आहे, की दुसरा नसेल तिथे पहिल्याच्या प्रवचनाला कोणी बसत नाही. तुळजाजीने दत्तक घेतलेला सरफोजी याच पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढला. तो ख्रिस्ती झाला नाही. पण १७९८ साली श्वार्त्स वारल्यावर त्याने इंग्लंडातल्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मरणशय्येवरचा पाद्री आणि त्याच्याजवळ राजा, असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

आता त्या विधवेकडे येतो. तंजावरकडची ही मराठी ब्राह्मण स्त्री वैधव्यानंतर लिट्लटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने राहिली. त्यानेच तिला चितेपासून वाचवले, असे सांगतात. तिने श्वार्त्सकडे बाप्तिस्मा मागितला. लग्नावाचून एकत्र राहता म्हणून त्याने नकार दिला. नियमाला धरून तो बरोबर असेल. पण नियमाचा भार पडला तो बाईवर, जन्माने ख्रिस्ती असलेल्या त्या अधिकाऱ्यावर नव्हे. हे मला खटकते, आणि श्वार्त्सचा आदर ठेवूनही खटकते. लिट्लटन वारला. बाईने आपली मागणी सोडली नव्हती. १७७८ साली पाळयंकोट्टैला श्वार्त्सने तिला बाप्तिस्मा दिला. नाव ठेवले क्लॅरिंडा.

तंजावरपासून पाळयंकोट्टै सुमारे तीनशे किलोमीटर. श्वार्त्स तिथे क्वचितच जाई. अशा ठिकाणी मंडळी चार दिवसांत विरून जायची. १७८० साली तिथल्या नोंदवहीत चाळीस नावे आहेत, वेगवेगळ्या जातींची माणसे आहेत, आणि पहिले नाव क्लॅरिंडाचे आहे. सोवळ्यात वाढलेल्या बाईचे नाव त्या यादीच्या माथ्यावर कसे पडले असेल, याचा विचार आपण करावा. तिने पाद्र्याची वाट पाहत दिवस काढले नाहीत. शिकवणारा माणूस द्या म्हणून तंजावरकडे तगादा लावला आणि देऊळ बांधण्याच्या कामी पुढाकार घेतला. १७८५ साली श्वार्त्स पुन्हा आला तो त्या देवळात पहिली उपासना चालवायला. पुढे त्याने आपला उत्तम तमिळ उपदेशक सत्यनाथन तिकडे धाडला आणि १७९० साली त्याला पाळकाची दीक्षा दिली.

तिरुनेलवेलीकडचा ख्रिस्ती समाज पुढे फार मोठा झाला आणि इंग्रजी पंथाच्या छत्राखाली गेला. ल्यूथरपंथीयांची तमिळ संस्था १९१९ साली निराळी उभी राहिली. त्या वाटण्यांत आपल्याला शिरायचे नाही. क्लॅरिंडाने पाळयंकोट्टैला एक विहीरही खोदवली, असे तिथले लोक सांगतात. विहिरीला तिचेच नाव आहे. देवळालाही लोक त्याच्या इंग्रजी नावाने हाक मारीत नाहीत. ते त्याला ‘पापात्ती अम्माळ कोविल’ म्हणतात, म्हणजे ब्राह्मणबाईचे देऊळ.