राजकारण फाटकाबाहेर राहत नाही



अध्यक्षाने गोड बोलावं हा रिवाज आज मोडतो. गिरणगावावर आपण लेखकांनी पुष्कळ लिहिलं. भोंगा लिहिला, चाळ लिहिली, संपात गहाण पडलेली भांडी लिहिली. पण ज्या कायद्याने 1982 चा गिरणी संप सुरू होण्याआधीच निम्मा हरवून ठेवला होता, तो आपल्या किती पुस्तकांत सापडतो? मुंबई औद्योगिक संबंध कायदा, 1946. एका भागातल्या एका धंद्याला एकच प्रातिनिधिक संघटना, आणि मालकाशी बोलणी करायचा हक्क तिचाच. कायदा पुढे रेटणारे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा. दुसऱ्याच वर्षी काँग्रेसच्या आशीर्वादाने इंटक ही कामगार संघटना जन्मली, तिच्या उभारणीतही नंदाच. वाढपी घरचा असला की पंगतीत कुठेही बसा! 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, तरी कागदावर त्यांच्या वतीने बोलणार होता इंटकचाच राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणून तो कायदा रद्द करा, ही मागणी पगारवाढीइतकीच मोठी होती. पगाराचं उत्तर मालकाकडे होतं. कायद्याचं होतं मंत्रालयात आणि दिल्लीत. ते शेवटपर्यंत आलं नाही.

तरीही आपल्याला ऐकवलं जातं की युनियनने पगार-बोनसचं बघावं, राजकारणाच्या भानगडीत पडू नये. ह्या उपदेशात अर्धं सत्य आहे, ते आधी मान्य करतो. 1920 साली मुंबईत आयटक स्थापन झाली तेव्हा छत्री एकच होती. 1947 ला इंटक निघाली, 1948 ला हिंद मजदूर सभा, 1955 ला भारतीय मजदूर संघ, कम्युनिस्ट पक्ष फुटल्यावर 1970 ला सिटू. पक्षाची चूल वेगळी झाली की कामगाराचीही वेगळी. युनियन पक्षाच्या दावणीला बांधली की तिचं हेच होतं. पण दावं सोडायचं म्हणजे गोठ्याबाहेरचं काही बघायचंच नाही, असं कोणी ठरवलं? राजकारण नको म्हणणाऱ्या युनियनच्या डोक्यावरही कायदे येतातच. फक्त ते करताना तिला कोणी विचारत नाही.

आणि पक्ष नसते तर कामगार आपोआप एक झाला असता, हा भाबडेपणा सोडा. गिरणीच्या विणकाम खात्यात धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागे. अस्पृश्य मानलेल्या माणसाचे ओठ लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे, म्हणून चांगल्या कमाईचं ते खातं त्याला बंद. हा नियम मालकाचा नव्हता, शेजारच्या मागावरच्या कामगारबंधूचा होता. 1928 च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी ती मागणी यादीत घेतली ती नाखुशीनेच. तरी दहा वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1938 ला, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या मुंबई सरकारच्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. मतभेद मिटले नव्हते. विधेयकही टळलं नाही. पण विधेयक कोणाचा गळा धरणार आहे, ह्याबद्दल दोघांचं दुमत नव्हतं. मला एकजूट अभिप्रेत आहे ती एवढीच.

कोणी म्हणेल, सामंतांच्या हट्टानेच गिरण्या बुडाल्या. हट्ट होता. परतीची वाट त्यांनी ठेवली नाही, हा दोष मी त्यांच्या पदरात घालीन. पण संप चालू असताना मालक भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेत होते, आणि त्या मागांवर राबणारा माणूस कुठल्याच युनियनच्या खिजगणतीत नव्हता. परळचा संप भिवंडीत फुटला. पुढे जमिनीचं तर उघडच आहे. 1991 च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : मोकळी जागा, घरं आणि मालक. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ह्या दुरुस्तीला कुठल्या जॉबरने सही केली होती?

आता 29 कामगार कायदे मोडून चार संहिता आल्या आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू आहेत. जुन्या कायद्यांचा गुंता होता, हे खरं. पण गुंता सोडवताना कात्री कुठे चालली ते पाहा. परवानगीशिवाय कारखाना बंद करायची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना सक्तीची. निम्म्या कामगारांनी ठरवून किरकोळ रजा टाकली, तरी तो संपच. राज्यसभेत हे मंजूर झालं तेव्हा विरोधी बाकं रिकामी होती; त्या बहिष्काराचं कौतुक मला नाही. आणि एकाहून जास्त युनियन असतील तिथे मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाट करणार. बहुमताने युनियन ठरावी, ही तर आपलीच जुनी मागणी! फक्त कंत्राटी पोरगा त्या मस्टरवर नाही. तो त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर उभा आहे, पण त्याचं नाव ठेकेदाराच्या वहीत.

इथे बसलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांना म्हणून माझा सवाल आहे. दिल्लीला शिव्या घालायला मीही येईन. पण त्या पोराच्या नावाने तुम्ही वर्गणीची पावती फाडायला तयार आहात का? ‘तो आपला नाही, ठेकेदाराचा’ हे उत्तर मला देऊ नका. धोट्याच्या वेळी ते देऊन झालं आहे.