मैत्रिणीच्या लेखणीचे कौतुक
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे असे ठरले, तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. चूल, वाडी आणि मुले यांतच माझी इतकी वर्षे गेली. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "आपल्या हस्तलिखिताची वही घरोघर तुम्हीच पोहोचवता ना? मग त्याबद्दलच बोला." तेव्हा माझ्या अल्प मतीप्रमाणे जे पाहिले व जे वाचले, तेवढेच सांगते.

आपल्या हस्तलिखिताची वही एका घरात चार दिवस राहते आणि मग पुढच्या घरी जाते. ती परत माझ्या हाती येते तेव्हा कुठे हळदीचे बोट उमटलेले असते, कुठे पानाचा कोपरा दुमडलेला असतो. त्यावरून वही वाचली गेली हे कळते. परंतु जिने लेख लिहिला तिला ते कसे कळावे? पहिल्या अंकाच्या वेळी लेख इतके आले की वही पुरली नाही, दोन जादा पाने शिवावी लागली. यंदा मात्र लेखांसाठी दारोदार मागणी करावी लागली. मी एकदोघींना कारण विचारले. एक म्हणाली, "गेल्या वेळी लिहिले होते की. कोणी काही बोललेच नाही." तिचे ते उत्तर मला फार लागले. तिच्या लेखाला कोणी नावे ठेवली नव्हती. सगळ्या फक्त गप्प राहिल्या होत्या, आणि तेवढ्यानेच तिची लेखणी थांबली.

भगिनींनो, आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी असे होत नसे. त्यांना लिहिता येत नव्हते, पण जात्यावर दोघी बसल्या की एकीने ओवी म्हणावी आणि दुसरीने ती उचलावी, हा रिवाज होता. आपल्याकडच्या आगरी लग्नांत धवलारणी धवले गातात, तेव्हा भोवतीच्या बायका त्यांना साथ देतात. गाणारीला आपले गाणे कुणाच्या कानी पडले की नाही, अशी शंका घेण्याचे कारणच नव्हते. जाते गेले, पिठाची गिरणी आली, आणि आपण शाळेत जाऊन लिहायला शिकलो. लिहिणारी मात्र एकटी पडली. ती रात्री सगळे निजल्यावर लिहिते, आणि तिची ओवी उचलायला समोर कोणी नसते. ते काम आता वाचणारीने करायचे आहे.

या बाबतीत खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांची हकीकत आपण सर्वांनी ध्यानी धरावी अशी आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या त्या लेक, 1880 साली जन्मलेल्या. लहान वयात लग्न झाले, तिशीच्या सुमारास वैधव्य आले, आणि जन्म शेतात व घरात कष्ट करण्यात गेला. अक्षरओळख मुळीच नव्हती. पण जात्यावर बसताना, शेतात राबताना त्यांना गाणी सुचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी. त्यांनी आणि पितांबर चौधरी या त्यांच्या आप्तांनी ती गाणी वेळोवेळी कागदावर उतरून घेतली. विचार करा, या दोघांनी "आईचे रोजचेच गाणे" म्हणून कानाआड केले असते तर? आज आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत ज्या कविता आहेत, त्या शेतातल्या वाऱ्याबरोबर उडून गेल्या असत्या.

बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 रोजी वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी ती वाचली आणि हे अस्सल सोने आहे, ते महाराष्ट्रापुढे आलेच पाहिजे, असा आग्रह धरला. 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. 2018 पासून तर जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या बाईला स्वतःची सही करता येत नव्हती, तिचे नाव आज पदवीच्या कागदावर छापले जाते. हा केवढा मोठा मान! पण माझे मन एका जागी अडते. अत्र्यांचे ते कौतुक ऐकायला बहिणाबाई नव्हत्या. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, ते त्यांच्या माघारी. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की कौतुक करायचे तर ते वेळेवर करावे. माणूस गेल्यावर घातलेल्या हाराचा सुगंध त्या माणसाला येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्याच्या सुपुत्राची. विनोबा भावे यांचा जन्म 1895 सालचा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. 1932 साली ते धुळ्याच्या तुरुंगात असताना दर रविवारी गीतेवर प्रवचन करीत. ऐकणाऱ्यांमध्ये साने गुरुजी होते. गुरुजी स्वतः सिद्धहस्त, पण तिथे त्यांनी आपली लेखणी दुसऱ्याच्या शब्दांसाठी चालवली आणि ती प्रवचने उतरून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे तो त्यामुळे. हेच गुरुजी त्याआधी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत. म्हणजे हाताने लिहिलेली वही ही काही हलकी वस्तू नव्हे. आणि मन लावून ऐकणे, मन लावून वाचणे हेही काही कमी प्रतीचे काम नव्हे.

आता कौतुक करायचे म्हणजे काय करायचे? "छान आहे" म्हणून वही पुढे सरकवली म्हणजे झाले, असे पुष्कळ जणींना वाटते. हल्ली तर मोबाइलवर अंगठा दाखवला की काम भागते. आपल्या आज्यांना लिहिता येत नव्हते म्हणून त्या अंगठा उठवीत. आपण शिकूनसवरून पुन्हा अंगठ्यावरच यावे काय? "छान" हा शब्द वाईट नाही, पण तो सगळ्यांना सारखाच लागू पडतो. लिहिणारीला हवे असते ते तिच्याच लेखापुरते बोलणे.

एक उदाहरण देते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. अष्टागरापासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांचे पत्रे आणि कौले उडाली. ते आपण सर्वांनीच सोसले आहे. आपल्या एका मैत्रिणीने त्यावर लेख लिहिला. नुकसानीचे आकडे तिने एका ओळीत आटोपले. पुढे तिने लिहिले की, दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर आले तर समोर समुद्र दिसला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ओटीवरून समुद्र कधी दिसला नव्हता, कारण मध्ये वाडी होती. बस्स, एवढेच. ती वही मी एका म्हाताऱ्या आजींकडे नेली. त्यांना दिसत नाही, म्हणून मीच वाचून दाखवली. त्या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवले आणि म्हणाल्या, "माझ्या ओटीवरून पण दिसला गो. तिला सांग." मी जाऊन तिला सांगितले. ती काही बोलली नाही, पण डोळ्याला पदर लावला. आठ दिवसांनी तिने दुसरा लेख आणून दिला. नवी पोफळ फळाला यायला किती वर्षे वाट पाहावी लागते, त्यावर तो होता. भगिनींनो, त्या आजी शाळेत गेलेल्या नाहीत. पण त्यांनी लेखातले नेमके एक वाक्य उचलले आणि त्याला आपल्या अनुभवाची जोड दिली. याहून चांगले रसग्रहण कोणते असणार?

प्रश्न विचारणे हेही कौतुकच आहे. पांढऱ्या कांद्याच्या माळा कशा बांधतात, यावर मी एकदा लिहिले होते. एक शेजारीण वाटेत थांबवून म्हणाली, "पातीची वेणी घालताना पहिले कांदे किती घेता, ते नाही हो लिहिलेत." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हणजे तिने लेख वाचताना मनातल्या मनात माळ बांधून पाहिली होती.

आता थोडे चुका दाखवण्याविषयी. चूक दाखवूच नये असे मी म्हणत नाही. पुण्यास 1923 साली रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश अशी मोठी कवी मंडळी त्यात होती, आणि मनोरमाबाई रानडे या त्यातल्या एकट्या कवयित्री. ही मंडळी रविवारी चहाला जमत, कविता वाचीत आणि एकमेकांशी त्यांवर चर्चा करीत. चर्चा म्हटली की मतभेद आलेच. पण घरच्या चहावर, आपल्या माणसांत झालेली टीका बोचत नाही, ती उपयोगी पडते. तेव्हा चूक दाखवायची असेल तर आधी जे आवडले ते सांगावे, चूक एकांतात सांगावी, आणि ती खरोखर चूक आहे का हेही पाहावे.

हे शेवटचे मी मुद्दाम म्हणते. आपल्या एका भगिनीने सोड्यांवर लिहिले होते. ताजी कोळंबी सोलायची कशी, ऊन कडक हवे म्हणजे किती, पावसाळी सर्द हवेत सोडे कसे जपायचे, हे सारे तिने घरच्या बोलीत लिहिले. त्यात 'आगोट' हा शब्द होता. कोणीतरी तो खोडून वर 'पावसाळ्यापूर्वीची बेगमी' असे लिहिले, आणि दोघी-चौघी तिच्या बोलीला हसल्या. तिने त्यानंतर एक ओळही दिलेली नाही. मी विचारते, 'आगोट' यात अशुद्ध काय आहे? त्या एका शब्दात मेमधली धावपळ, सुकी मासळी, मसाला, लाकूडफाटा आणि आभाळाकडे लागलेले डोळे, हे सारे येते. 'बेगमी'त ते येत नाही. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या घरच्या बोलीतच आहेत. अत्र्यांनी ती पुस्तकी मराठीत करून मागितली नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ सुधारून देणारे पुष्कळ भेटतील, पण सोडे वाळवणाऱ्या हाताने लिहिलेला लेख एकदा थांबला तर तो दुसरे कोणी लिहून देणार नाही. म्हणून या सभेत माझी विनंती आहे, की आपल्यापैकी दोघींनी तिच्या घरी जावे, लेख आवडला असे सांगावे आणि पुढचा लेख मागून आणावा. मी बरोबर येईन.

कौतुक करायला आपण का कचरतो, याचाही मी विचार केला. एक तर आपले शिक्षण कमी, आपण काय मत देणार, असे वाटते. दुसरे असे की, तिला चांगले म्हटले तर आपल्याला कमीपणा येईल, अशी पाल मनात चुकचुकते. पहिल्या शंकेला उत्तर त्या आजींनी दिलेच आहे. दुसरीला उत्तर असे, की शेजारणीच्या दिव्यावर आपली वात लावून घेतली तर तिचा दिवा काही मंद होत नाही, आणि आपले घर उजळते.

तर माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, पुढच्या अंकात प्रत्येक लेखाच्या मागे एक पान कोरे ठेवावे. वही ज्या घरी जाईल त्या घरच्या बाईने निदान एका लेखाच्या मागे दोन-चार ओळी लिहाव्यात. कोणते वाक्य लक्षात राहिले, काय आठवले, काय विचारावेसे वाटले, एवढे पुरे. दुसरी, ज्यांना लिहिता येत नाही किंवा दिसत नाही, त्यांना लेख वाचून दाखवावा आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. तिसरी, वही सगळीकडे फिरून आली की ती आधी लिहिणाऱ्यांच्या घरी जावी, मग कपाटात. सध्या ती थेट कपाटात जाते. मंडळाने मान्यता दिल्यास ही वाढलेली फेरी मी आनंदाने करीन.

लग्नामुंजीत आपण आहेर करतो. कुणी काय दिले ते लक्षात ठेवून परतही करतो. मैत्रिणीने रात्र जागून एक पान लिहिले, तर चार ओळींचा आहेर तिला आपल्याकडून गेला पाहिजे. त्याला पैसा पडत नाही, फक्त तिचे पान मनापासून वाचावे लागते.

 पुढच्या अंकासाठी लेख घ्यायला मी घरोघर येणारच आहे. कुणीही "मला कुठे लिहिता येते" असे म्हणून परत पाठवू नये, एवढी विनंती करून आपली रजा घेते.