सायकल पोचली, पण...

३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं हे ठीक आहे. खरं टेन्शन सायकल विमानानं नेण्याचं! हवाईत कोनाला बॉक्स उघडला, तर डिरेलरचा हँगर वाकलेला. बोटाएवढा तुकडा, पण वर्षाची तयारी त्यावर लटकलेली. जादा हँगर मी घरीच विसरलेलो, बोलणार कुणाला? शेजारच्या खोलीतल्या जर्मन स्पर्धकानं तो सरळ करून दिला.

तरी हॉवीच्या चढाला सगळ्यात हलका गिअर टाकायची हिंमत होईना, डिरेलर स्पोकमध्ये गेला तर संपलंच. वर समोरून वारा. तिथंच तो जर्मन मला मागे टाकून गेला. त्याच्या आडोशाला राहावं, तर १२ मीटरचा नियम! जाताना माझ्या मागच्या चाकाकडे बघून हसला लेकाचा.