डॉक्टरांना आपला पत्ता सांगा



उन्हाळ्यात दुर्गापूर-ऊर्जानगरकडे गच्चीवर कुरडया वाळत घातल्या, की वरून जुनं लुगडं पसरावं लागतं. पाखरांपेक्षा राखेची भीती जास्त. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, आणि आपला कोळसा असा, की शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. बरीचशी यंत्रं पकडतात, ती राखेच्या तलावात जाते. उरलेली आपल्या वाट्याला.

फरशीवर बोट फिरवलं की दिसते, ती राख नाकाघशात अडकते, खोकल्याबरोबर पडते. खरा घात करतात ते न दिसणारे कण. अडीच मायक्रॉनहून बारीक असलेले हे कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत उतरतात, तिथून रक्तात जातात. दमा बळावतो; हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसाचा कर्करोग यांचा धोका वाढतो. धुरातल्या सल्फर डायऑक्साइडपासूनही असेच कण हवेत तयार होतात. हा वायू रोखण्याचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदत दोन वर्षांची होती, ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. हा उशीर मला अक्षम्य वाटतो, कारण धोका नवा नव्हता: २००९ मध्येच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोजणीत चंद्रपूर ८३.८८ गुणांनी प्रदूषणात देशात चौथं ठरलं होतं.

गडचिरोलीत आता सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात आणि रस्त्याकडेची पानं लाल होतात. जंगल आहे म्हणजे हवा चांगलीच, हा समज तिथेही सोडायला हवा.

हिवाळ्यात पहाटेची थंड हवा धूर खाली दाबून धरते, आणि त्याच वेळी खाणीजवळच्या वस्त्यांत कोळशाची सिगडी पेटते. गॅस परवडत नाही म्हणून ती पेटते, हे मी जाणतो. तिच्याकडे बोट दाखवून कारखान्यांना मोकळं सोडता येणार नाही. तरी मायबहिणींनो, सिगडी बंद घरात ठेवू नका, तान्ह्या बाळाजवळ तर नकोच.

आणि एक विनंती. खोकला दोन आठवडे टिकला, तर ‘हवा बदलली’ म्हणून अंगावर काढू नका. थुंकी तपासून घ्या. नळीत जोरात फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजण्याची तपासणी असते, तिच्याबद्दल विचारा. डॉक्टरांना सांगा, की मी घुग्घुसला राहतो, खाणीत काम करतो, माझं घर राखेच्या तलावालगत आहे. ते केसपेपरवर लिहायला लावा आणि तो कागद जपून ठेवा. इथे आजार किती, असा प्रश्न उद्या प्रदूषणाच्या सुनावणीत निघाला, तर दाखवायला तुमच्याकडे तोच पुरावा असेल.