कागदावरची किंमत आणि हातातला पैसा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’ असा विषय दिला होता. हा विषय ऐकला की निम्म्या लोकांना जांभई येते आणि उरलेले चहा कधी येणार ते बघतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी त्यातला एकच कोपरा घेणार आहे. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी काही जणांना फोन आले असतील, ‘उद्याच्या मोठ्या टेक्नॉलॉजी कंपन्यांत त्या शेअर बाजारात येण्याआधीच पैसे घाला.’ लिफ्टमध्ये मला दोघा-तिघांनी विचारलं, “साहेब, तुम्ही बँकेत होता, हे ट्रस्ट प्रकरण काय आहे?” लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि उत्तर राहून गेलं. ते आज देतो.

ट्रस्ट म्हटलं की आपल्याला देवस्थान नाहीतर धर्मादाय आयुक्त आठवतात. इथे अर्थ वेगळा आहे. अनेकांचे पैसे एकत्र करायचे आणि ते जाणकार व्यवस्थापकाने गुंतवायचे, ही ती व्यवस्था. आपल्याकडे असे बहुतेक फंड कायद्याने ट्रस्ट म्हणूनच स्थापन होतात. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ‘इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट’ म्हणतात ती प्रत्यक्षात एक कंपनीच असते आणि तिचे शेअर बाजारात विकले जातात. पैसे जातात कुठे? तर ज्यांचा शेअर अजून कुठल्याच बाजारात नोंदलेला नाही अशा कंपन्यांमध्ये. यांना आपण अनलिस्टेड म्हणतो.

आता अनलिस्टेड म्हणजे काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कारण आपल्या प्रत्येकाकडे एक अनलिस्टेड वस्तू आहे. ती म्हणजे आपला फ्लॅट!

आपल्या फ्लॅटची आजची किंमत कोणी सांगू शकतं का? शेअरसारखा त्याचा भाव रोज छापून येत नाही. मागच्या वर्षी बी विंगमधला एक फ्लॅट चांगल्या भावाला गेला आणि दुसऱ्या दिवशी आपण सगळे मनातल्या मनात श्रीमंत झालो. खिशात एक रुपया आला नाही, पण चाल बदलली. अनलिस्टेड कंपनीचंही असंच असतं. एखादा मोठा गुंतवणूकदार थोडेसे शेअर एका भावाने घेतो. त्याच भावाने बाकीचे सगळे शेअर मोजायचे आणि कंपनीची किंमत इतके अब्ज डॉलर झाली म्हणायचं.

बँकेत मी बरीच वर्षं कर्ज विभागात होतो. घर तारण घेताना पॅनेलवरचा व्हॅल्युअर अहवाल देतो. त्यात बाजारभाव असतो, प्रत्यक्ष किती हाती येतील तो आकडा असतो आणि घाईत विकावं लागलं तर किती मिळतील, तोही असतो. घर तेच, दिवस तोच, किंमती तीन. नोकरीत लागलो तेव्हा मला याची गंमत वाटायची. पुढे लिलाव पाहिले आणि गंमत संपली.

आता एक खरं उदाहरण घेऊ. एडिंबरोमध्ये ‘स्कॉटिश मॉर्गेज’ नावाचा जुना इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट आहे. त्याची सुरुवात 1909 सालची. मोटारी नुकत्याच रस्त्यावर येत होत्या, टायरला रबर लागत होतं, म्हणून मलायातल्या रबराच्या मळेवाल्यांना कर्ज द्यायला ही कंपनी निघाली. नावातलं ‘मॉर्गेज’ तेव्हापासूनचं. आज ती घरकर्ज देत नाही. टेक्नॉलॉजी कंपन्यांत पैसे घालते आणि एकूण मालमत्तेच्या 30 टक्क्यांपर्यंत अनलिस्टेड कंपन्या घेण्याची तिला मुभा आहे. इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्समध्ये तिने 2018 मध्ये पैसे घातले आणि ते चांगलेच फळले. बॅटऱ्या बनवणाऱ्या स्वीडनच्या नॉर्थव्होल्टमध्येही घातले. ती कंपनी मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली. या धंद्यात असंच चालतं. दहातल्या काही बुडतात, काही रांगतात आणि एखादी बाकीच्यांची भरपाई करते. ती एखादी आपल्या टोपलीत असली तर!

या ट्रस्टचा शेअर नोव्हेंबर 2021 मध्ये शिखरावर होता. 2023 पर्यंत तो निम्म्याहूनही खाली आला. त्याच मार्च महिन्यात त्यांच्या संचालक मंडळात एक वाद झाला. वाद काढणारे संचालक होते अमर भिडे. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले, अमेरिकेत प्राध्यापक. अनलिस्टेड कंपन्यांवर देखरेख ठेवायला मंडळाची तयारी पुरेशी नाही, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं आणि त्यानंतर ते मंडळातून बाहेर पडले. कोण बरोबर, हे इथे बसून ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण आपल्या वार्षिक सभेत टाकीच्या खर्चावर प्रश्न विचारणाऱ्या सभासदाकडे आपण कसं बघतो, ते मला त्या दिवशी आठवलं.

आता घरची गोष्ट. ही सांगू की नको, असा विचार बरेच दिवस केला. सौ. म्हणाली, सांगा, दुसऱ्याचं तरी भलं होईल.

माझा मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये असतात. 2021 मध्ये त्याने मला फोन केला, “बाबा, असा एक ट्रस्ट आहे, पाच वर्षांत पैसे कितीतरी पट झालेत. घेऊ का?” कोणता ट्रस्ट ते सांगत नाही, कारण चूक ट्रस्टची नव्हती. त्याने पाठवलेला आलेख मी पाहिला. रेघ वर जात होती. मी म्हणालो, “घे.” आयुष्यभर कर्जदाराला मी पहिला प्रश्न विचारला, पैसे परत कधी आणि कशातून? तो प्रश्न मी पोटच्या मुलाला विचारला नाही. विचारला असता तर कळलं असतं की ते पैसे त्यांनी घराच्या डाउन पेमेंटसाठी साठवले होते.

2023 मध्ये त्यांना मनासारखं घर सापडलं. पैसे काढायची वेळ आली तेव्हा दुहेरी मार बसला. एक तर ट्रस्टकडच्या कंपन्यांची किंमत घसरली होती. दुसरं म्हणजे डिस्काउंट. ते नीट समजून घ्या, कारण आजच्या भाषणातली हीच महत्त्वाची गोष्ट आहे.

अशा ट्रस्टच्या शेअरची संख्या ठरलेली असते. तुम्हाला बाहेर पडायचं असेल तर ट्रस्ट तुम्हाला पैसे देत नाही, बाजारात दुसरा गिऱ्हाईक शोधावा लागतो. समजा, ट्रस्टच्या हिशोबाने एका शेअरमागे 100 पौंडांची मालमत्ता आहे. पण त्या मालमत्तेतल्या अनलिस्टेड कंपन्यांच्या किंमतीवर लोकांचा विश्वास नसेल तर गिऱ्हाईक म्हणतो, मी 80 देतो. मधले 20 म्हणजे डिस्काउंट. कागदावर 100, हातात 80. माझ्या मुलाने ते 80 घेतले आणि तेसुद्धा आधीच घसरलेल्या 100 वरचे. पैसे कमी पडले, ते घर गेलं. दुसरं घर व्हायला आणखी दोन वर्षं लागली. सून एवढंच म्हणाली, “जाऊ द्या बाबा, थोडा उशीर झाला इतकंच.” ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

तुम्ही म्हणाल, मग ही डिस्काउंटची व्यवस्थाच वाईट. तसं नाही. दुसरी व्यवस्था काय करते, तेही पाहा. इंग्लंडमध्येच नील वुडफर्ड या नावाजलेल्या व्यवस्थापकाचा एक फंड होता. तो आपल्या नेहमीच्या म्युच्युअल फंडासारखा, म्हणजे कधीही या, कधीही पैसे काढा. पण त्याने पटकन विकल्या न जाणाऱ्या आणि अनलिस्टेड कंपन्यांतही पैसे घातले. लोक पैसे मागायला लागले, विकता येण्याजोगं होतं ते विकून झालं आणि जून 2019 मध्ये फंडाने दार लावलं. तीन लाखांहून अधिक माणसं आत अडकली. ते दार पुन्हा उघडलं नाही. फंड मोडीत काढावा लागला. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना 2001 च्या जुलैमधलं युनिट 64 आठवत असेल. कारणं वेगळी होती, पण खिडकी बंद झाली की रांगेतल्या माणसाला सारखंच वाटतं.

म्हणजे पाहा, डिस्काउंट सोसून का होईना, दार उघडं तरी होतं. दवाखान्याचं बिल भरायला फ्लॅटमधलं फक्त स्वयंपाकघर विकता येत नाही. विकायचा तर अख्खा फ्लॅट, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत थांबायचं. अनलिस्टेड मालमत्तेचा हा स्वभावच आहे. तो कोणत्याही योजनेने बदलत नाही. फक्त त्याचा त्रास कोणाला आणि कधी होणार, एवढंच योजनेवर ठरतं.

भारतातलंही एक उदाहरण देतो. बायजूज ही शिकवणीची कंपनी आपल्या नातवंडांमुळे सगळ्यांना माहीत आहे. 2022 मध्ये तिची किंमत 22 अब्ज डॉलर धरली जात होती. 2024 मध्ये तिच्यातल्या प्रोसस या मोठ्या परदेशी गुंतवणूकदाराने आपल्या हिश्शाची किंमत शून्य लिहिली. शून्य! आणि या दोन आकड्यांच्या मधे त्या शेअरचा बाजारभाव असा एकही दिवस छापून आला नव्हता.

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्याच दारात आला. गावाकडच्या जमिनीतला माझा वाटा विकला गेला होता. एक तरुण मुलगा घरी आला. नम्र, टापटीप, ‘काका-काका’ करून बोलणारा. आपल्याकडे या प्रकाराला अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट फंड म्हणतात. सेबीचे त्यासाठी 2012 पासून नियम आहेत आणि सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान एक कोटी रुपये घालावे लागतात. जमिनीचे पैसे आणि आमच्या दोघांच्या ठेवी मिळून तेवढे जेमतेम झाले असते. फंडाची मुदत आठ वर्षं. नियमाप्रमाणे दोन-तृतीयांश गुंतवणूकदारांची संमती असेल तर आणखी दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. पैसे एकदम घेत नाहीत, व्यवस्थापक मागेल तसे हप्त्याने द्यायचे.

मी गणित केलं. माझं वय 74. आठ आणि दोन दहा. म्हणजे मी 84. मी त्याला विचारलं, “बाळ, तिसऱ्या वर्षी हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर?” तो प्रामाणिक होता. म्हणाला, “काका, तसे मधे काढता येत नाहीत.” मी त्याला चहा दिला आणि फाईल परत केली. फंड वाईट होता असं मी म्हणत नाही. तो कदाचित उत्तम चालेल. पण त्याचं आयुष्य आणि माझं आयुष्य जुळत नव्हतं.

मंडळी, पैशाला तारीख असते. मुलीच्या लग्नाच्या पैशाला असते, घराच्या डाउन पेमेंटला असते, औषधपाण्याच्या पैशाला तर कधीही येणारी तारीख असते. ज्या पैशाला तारीख आहे तो अनलिस्टेड कंपन्यांत घालू नये, मग व्यवस्थापक कितीही हुशार असो. ज्याला तारीख नाही, जो बुडाला तरी रात्री झोप लागेल, तेवढाच घालावा. इथे बसलेल्या तिशी-पस्तिशीच्या मंडळींकडे वेळ आहे, त्यांनी अभ्यास करून थोडा भाग जरूर घालावा. नव्या कंपन्यांना कोणीतरी पैसे दिले म्हणूनच त्या उभ्या राहिल्या. पण सही करण्याआधी विचारा. कंपन्यांची किंमत कोण ठरवतं आणि वर्षातून किती वेळा? मला बाहेर पडायचं झालं तर पैसे कोण देणार, फंड की दुसरा गिऱ्हाईक? आणि मुदत संपेल तेव्हा माझं वय काय असेल?

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा रस्ता नव्हता, टँकरचं पाणी होतं. आज फ्लॅटच्या किंमतीचे आकडे ऐकून आपण खूश होतो. पण तो आकडा मोजायला आपण इथे आलो नव्हतो, राहायला आलो होतो. किंमत कागदावर असू दे. खालच्या बाकावर संध्याकाळी भेटणारी माणसं मात्र रोज हातात आहेत.

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाला मनःपूर्वक शुभेच्छा. कोणाला काही विचारायचं असेल तर लिफ्टमध्ये विचारू नका, घरी या. चहा होईल.