अंदाज नको, माप सांगा

आम्ही ताथवड्याच्या बचत गटातून बोलतोय. आज स्वयंपाकाबद्दल बोलू. हा स्वयंपाक स्वमग्न माणसांनी स्वतःचा स्वतः करायचा आहे.

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. हा शब्द ऐकला की लहान मूल डोळ्यांपुढे येतं. पण ही मुलं मोठी होतात. त्यांतली काही नोकरी करतात, खोली घेऊन एकटी राहतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. इतरांसारखं समाजात राहण्याचा हक्कही त्या कायद्याने दिला आहे. तरी आईच्या जिवाला घोर असतोच, "माझ्यामागे हा खाईल काय?"

एकटं राहणारं असं कुणी बिस्किटं आणि नूडल्सवर दिवस काढत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. काहींना कुकरची शिट्टी सहन होत नाही. कुणाला भेंडीचा बुळबुळीतपणा नको वाटतो, कुणाला फोडणीचा वास. काहींना भूक लागलेली लवकर कळतच नाही. त्यात आपली सांगायची पद्धत कशी? "चवीपुरतं मीठ घाल, जरा शिजू दे, वास सुटला की उतरव." चवीपुरतं म्हणजे किती? जरा म्हणजे किती मिनिटं? आपला हात अंदाजाने चालतो. त्यांना माप लागतं.

म्हणून एक सोपी खिचडी मापाने सांगतो. एक छोटी वाटी ठरवा. ती बदलायची नाही. वाटीभर तांदूळ, वाटीभर मूगडाळ, वाटीभर किसलेलं गाजर किंवा दुधी, आणि सहा वाट्या पाणी. चार चमचे मिठात एक चमचा हळद आधीच मिसळून बरणीत भरून ठेवा. त्यातला एक सपाट छोटा चमचा घाला. हे सगळं विजेच्या राइस कुकरमध्ये शिजवा. त्याला शिट्टी नाही, आणि शिजलं की तो आपोआप थांबतो. वरून एक चमचा तूप. ही दोन वेळची होते. उरलेली गार झाली की लगेच फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या जेवणाला चांगली गरम करून संपवायची.

प्रत्येक पायरीचा फोटो काढा, खाली आकडा घाला आणि ओट्यासमोर ओळीने चिकटवा. आधी तुम्ही करून दाखवा. मग दोघं मिळून करा. मग तुम्ही नुसत्या जवळ उभ्या राहा. शेवटी बाहेरच्या खोलीत बसा. याला महिने लागले तरी लागू देत.

भूक कळत नसेल, तर जेवणाची आणि पाण्याची वेळ मोबाइलच्या गजरावर लावा. शिफ्ट बदलली की गजरही बदलायला शिकवा.

रोज तेच खाल्लं म्हणून बिघडत नाही. त्यात डाळ, भाजी, दही, फळ येतंय ना, एवढं बघा. काहींना भातात आमटी मिसळलेली चालत नाही. त्यांना वेगवेगळ्या वाट्यांत वाढा. मऊ भाजी नको असेल, तर काकडी, गाजर कच्चं द्या. नवा पदार्थ आणायचा तर एका वेळी एकच, तोही चमचाभर, नेहमीच्या जेवणाशेजारी. जबरदस्ती करू नका. खाण्याचे प्रकार फारच थोडे उरले किंवा वजन उतरायला लागलं, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि वीज गेली तर? नेहमीचा क्रम मोडला की अशी माणसं फार गोंधळतात, म्हणून हेही आधीच ठरलेलं असू द्या. एका डब्यावर 'वीज नाही' असं लिहा. आत फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि पातळ पोहे ठेवा. पोहे भिजवून दह्यात कालवले की जेवण झालं. हा डबा वीज असताना एकदा वापरून बघा.

कुणाकडे सुगरणीचा हात असतो, तशी कुणाकडे मोजायची शिस्त असते. मीठ सपाट चमच्याने मोजणारा पोरगा आपल्याहून नेमकं रांधू शकतो.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीला प्रत्येकीने घरचा एक पदार्थ मापासकट लिहून आणा. वाट्या किती, चमचे किती, मिनिटं किती. त्यांतून एक वही तयार करू आणि आपल्यातल्या ज्या आईला हा घोर आहे, तिच्या हाती देऊ.